पहारेकरीच उलटतो तेव्हा : ॲलर्जी व आमवातासारख्या विकारांत घरची शुश्रूषा

दिवाळी सरली की बांधीतले धान खळ्यावर येते आणि मळणीला सुरुवात होते. सडक अर्जुनी, कोहमारा, सौंदड, शेंडा या पट्ट्यात हे दिवस मोठ्या घाईचे. मळणी यंत्राच्या धुराळ्यात सारेच सारखे उभे असतात. तरी एकाला नुसती शिंक येते, दुसऱ्याला काहीच होत नाही आणि तिसऱ्याची छाती मात्र रात्रभर वाजत राहते. धूळ तीच, हवा तीच. मग फरक कशात? फरक आहे तो ज्याच्या त्याच्या शरीरातील प्रतिकारशक्तीत.

आपल्या शरीरात रात्रंदिवस एक पहारा चालू असतो. रोगजंतू आत शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि मारतात. हा पहारा आहे म्हणून आपण जगतो. परंतु पहारेकऱ्याची ओळखण्यात चूक झाली, तर दोन प्रकारचे घोटाळे होतात. दारावर आलेल्या निरुपद्रवी पाहुण्याला तो चोर समजतो आणि आरडाओरडा करून सारे घर डोक्यावर घेतो. ही झाली ॲलर्जी, म्हणजेच वावडे. दुसरा घोटाळा याहून वाईट. पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून त्याच्यावर काठी उगारतो. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, थायरॉइड ग्रंथी असे स्वतःचेच अवयव तो झोडपू लागतो. यांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. आमवात व ल्युपस हे त्यांपैकी आपल्याकडे आढळणारे दोन विकार.

या दोन्ही प्रकारच्या विकारांत एक गोष्ट समान आहे. डॉक्टर रोग्याला पाच-दहा मिनिटे पाहतात; उरलेला सारा दिवस आणि रात्र रोगी घरच्यांच्या हाती असतो. औषध वेळेवर देणे, धोक्याचे लक्षण ओळखणे, नको त्या गोष्टीपासून रोग्याला दूर ठेवणे ही कामे आई, बायको, सून किंवा मुलगा यांनाच करावी लागतात. म्हणून आजचा हा धडा रोग्यापेक्षा त्याच्या उशाशी बसणाऱ्यासाठी आहे.

वावडे कशाचे, ते शोधा

ॲलर्जीच्या रोग्याची पहिली शुश्रूषा म्हणजे कारण शोधणे. यासाठी एक साधी वही ठेवावी. त्रास कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाला, त्याआधी रोगी कुठे होता, काय खाल्ले, कोणते औषध घेतले, हे लिहून ठेवावे. महिनाभरात बहुधा वहीच उत्तर देते. आपल्या भागात पुढील कारणांवर विशेष लक्ष ठेवावे.

बुरशी आलेले तणीस : ओलसर राहिलेल्या तणसाला किंवा धान्याला बुरशी येते. ते हलविताना बुरशीचे बारीक कण छातीत जातात. काहींना लगेच शिंका व दमा होतो. काहींना मात्र काम संपल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला व धाप लागते आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते. आपल्याकडे असा ताप आला की मनात प्रथम मलेरिया येतो, आणि रक्त तपासून घेणे योग्यच आहे. पण रक्तात मलेरिया नाही आणि तणसाचे काम केले की दर वेळी असाच ताप येतो, असे वहीत दिसले, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. हा फुप्फुसाचा ॲलर्जीचा विकार असतो. काम तसेच चालू ठेवल्यास फुप्फुस कायमचे कडक होते. अशा माणसाला तणसाचे काम देऊ नये. इतरांनी नाकातोंडावर दुपट्टा दुहेरी-तिहेरी बांधावा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. चांगला मास्क मिळाल्यास उत्तमच.

गाजर गवत : यालाच काँग्रेस गवत म्हणतात. १९५० च्या दशकात पुण्यात ते नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याने त्वचेला विकार होतो, हे पुण्याच्याच लोणकर व जोग या डॉक्टरांनी १९६८ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले. या गवताचे सुकलेले कण हवेतून उडतात. त्यामुळे उघड्या राहणाऱ्या भागावर, म्हणजे पापण्या, मान, कोपराची खोबण येथे खाज सुटते. कातडी जाड व काळी पडते. हे गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे किंवा पिशवी हाताला बांधून मुळासकट उपटावे. ज्याला त्याचे वावडे आहे त्याने मात्र उपटायलाही जाऊ नये. रोग्याचे कपडे अंगणातील गवतावर वाळत घालू नयेत. बाहेरून आल्यावर तोंड-हात साध्या पाण्याने धुवावेत.

बिब्बा : जंगलाशेजारी राहणाऱ्यांना बिब्ब्याची ओळख करून द्यायला नको. परीट कपड्यावर खुणा करतात तो हाच. याचा काळा रस अंगाला लागल्यास फोड येतात, लस वाहते, आणि ज्याला एकदा वावडे जडले त्याला पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो. मुरगळलेल्या पायावर किंवा डोके दुखते म्हणून कपाळावर बिब्बा लावू नये. रस लागलाच, तर लगेच साबण व भरपूर पाण्याने धुवावे. तो हात डोळ्यांना लावू नये.

औषधे : पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके, सल्फाच्या गोळ्या, अंगदुखीच्या काही गोळ्या यांचे वावडे असू शकते. असे एकदा घडले की त्या औषधाचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि प्रत्येक केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहावे. ‘कोणती तरी पांढरी गोळी चालत नाही’ असे सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

जीव घेणारी ॲलर्जी

बहुतेक वावडी त्रासदायक असतात, जीवघेणी नसतात. पण एक प्रकार असा आहे की त्यात मिनिटे मोजावी लागतात. आग्या मोहोळाच्या माश्या डसल्यावर, एखादे इंजेक्शन घेतल्यावर किंवा न चालणारा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांत, अंगभर गांधी उठतात. ओठ, जीभ, पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, छाती आवळते, पोटात मुरडा येऊन उलटी होते. नंतर चक्कर येऊन रोगी पांढराफटक पडतो. प्रत्येकाला गांधी उठतातच असे नाही. श्वास अडकणे किंवा चक्कर येणे, एवढेच लक्षणही पुरे.

फ्रान्समधील शार्ल रिशे या शास्त्रज्ञाने १९०२ साली सहकाऱ्यासह या प्रकाराचा शोध लावला. समुद्री प्राण्याच्या विषाची पहिली मात्रा कुत्र्यांनी सहन केली. काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी मात्रा दिली असता मात्र कुत्रे काही मिनिटांतच दगावले. या कामाबद्दल त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. ‘मागच्या वेळी हेच इंजेक्शन घेतले, तेव्हा काही झाले नव्हते’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख पटवून ठेवते. दुसऱ्या वेळी ते हल्ला करते. म्हणून कोणतेही इंजेक्शन घेतल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच बसावे. बस निघून जाईल म्हणून लगेच उठू नये.

असा प्रसंग आल्यास घरच्यांनी काय करावे?

रोग्याला आडवे निजवावे व पाय उशीवर उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर टेकून बसू द्यावे. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर निजवावे. बरे वाटले तरी उभे करू नये, चालवू नये. एकदम उभे केल्याने रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो. मधमाशीचा काटा कातडीत रुतला असल्यास नखाने किंवा कशानेही खरडून ताबडतोब काढावा. मात्र आधी मोहोळापासून दूर जावे. पाणी, चहा, लिंबू-साखर काहीही पाजू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा; ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. गाडी लवकर मिळत असेल, तर वाट न पाहता रोग्याला निजवूनच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

यावरचे खरे औषध एकच, ते म्हणजे ॲड्रेनॅलिन. हे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा, मुलांना वजनाप्रमाणे. गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. खाजेची गोळी किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन हे जोडीला चालते, पण ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाही. दवाखान्यात पोचताच ‘हे खाल्ल्यावर’ किंवा ‘हे डसल्यावर इतक्या मिनिटांत असे झाले’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. उतार पडल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो. म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी यावे.

येथे सर्पदंशाबद्दलही एक सूचना. सापाच्या विषावरील लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. त्यामुळे काही रोग्यांना तिची ॲलर्जी होते आणि ‘लसीनेच माणूस गेला’ अशी बोलवा पसरते. ॲलर्जीची रिॲक्शन ॲड्रेनॅलिनने आटोक्यात आणता येते; अंगात भिनलेल्या विषावर मात्र लसीशिवाय उपाय नाही. धानाच्या बांधीत राबणाऱ्यांनी ॲलर्जीच्या भीतीने लस नाकारू नये. पूर्वी ही लस घेतली असेल, तर तेवढे डॉक्टरांना सांगावे.

दम्याचा रोगी

दम्यात श्वासनळ्या सुजतात व आवळतात. पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, हा समज चुकीचा आहे. पंपातून औषध थेट छातीत जाते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध पुरते. लहान मुलांना व म्हाताऱ्यांना पंपाला स्पेसर ही नळी जोडून औषध द्यावे. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरे डाग पडतात.

दमा उठल्यास रोग्याला पुढे वाकवून बसवावे, कपडे सैल करावेत, भोवतालची गर्दी हटवावी. आराम देणाऱ्या पंपाचे चार झोत एकामागून एक द्यावेत. प्रत्येक झोतानंतर स्पेसरमधून चार श्वास घ्यावेत. चार मिनिटे थांबून उतार नसल्यास पुन्हा तसेच करावे आणि दवाखान्याकडे निघावे. एक वाक्य दमात पुरे करता येत नाही, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाते, ओठ निळे पडतात किंवा रोगी गुंगतो, यांपैकी काहीही दिसले तर पहिल्या झोताबरोबरच गाडी बोलवावी. छातीचा आवाज एकाएकी बंद झाला म्हणजे दमा बसला असे समजू नये. हवाच जात नसेल तरी आवाज बंद होतो. दम्याच्या रोग्याच्या खोलीत चुलीचा धूर, बिडी व मच्छर अगरबत्ती नको.

आमवात व ल्युपस : ओळख

आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. सकाळी उठल्यावर हाताची बोटे, मनगटे, पावले अर्धा-एक तास किंवा जास्त वेळ आखडलेली राहतात. दोन्ही हातांचे तेच तेच लहान सांधे सुजतात व गरम लागतात. म्हातारपणीची गुडघेदुखी वेगळी. ती काम केल्यावर वाढते आणि विसाव्याने कमी होते. आमवात विसाव्यानंतर जास्त जाणवतो.

ल्युपसमध्ये गालांवर व नाकावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा, उन्हाने वाढणारे डाग, तोंडात व्रण, केस गळणे, बारीक ताप, सांधेदुखी अशी लक्षणे असतात. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा तरुण. लघवीला फेस येणे व पायांवर सूज हे मूत्रपिंडाला झळ लागल्याचे लक्षण आहे.

विदर्भाच्या पूर्व भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान मुलाचे किंवा तरुणाचे हातपाय दुखतात, सुजतात, डोळे पिवळसर दिसतात, तेव्हा तो सिकलसेलही असू शकतो. हा आनुवंशिक रोग असून त्याचे उपचार निराळे आहेत. त्यासाठीची साधी रक्त तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ‘वात आहे’ असे स्वतःच ठरवून तेल चोळीत वर्ष घालवू नये. आमवातात पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले, तर सांधे वाकडे होणे बरेच टळते. वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे वेळेवर दाखवावे.

दोन औषधे, दोन ताकिदी

पहिली ताकीद मेथोट्रेक्सेट या गोळीची. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. इतर सर्व गोळ्या रोजच्या असल्याने घरी चूक होते. आणि ही गोळी रोज घेतल्यास तोंड सोलून निघते, रक्तातील पेशी घटतात व रोगी दगावू शकतो. यावर सोपा उपाय असा की वार ठरवून टाकावा. आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही, तोच ठेवावा. पाकिटावर त्या वाराचे नाव मोठ्या अक्षरात लिहावे. गोळी वेगळ्या डबीत ठेवून घरातील एकाच माणसाने द्यावी व कॅलेंडरवर खूण करावी. डॉक्टर जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती सांगितलेल्या दिवशी द्यावी. या दोन्ही गोळ्या पिवळ्या असू शकतात, तेव्हा रंगावर जाऊ नये. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, धाप किंवा कावीळ दिसल्यास पुढची गोळी न देता डॉक्टरांना भेटावे. ठरलेल्या रक्त तपासण्या चुकवू नयेत. या औषधावर असताना दारू, मोहाची असो वा दुकानातली, वर्ज्य. गरोदरपणात हे औषध चालत नाही; मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे.

दुसरी ताकीद स्टिरॉइडची. अमेरिकेत १९४८ साली डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रोगी स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना सहकाऱ्यांसह मिळाले. पण हे औषध जितके गुणकारी तितकेच हट्टी आहे. काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवते. मग गोळ्या संपल्या, पैसे नव्हते किंवा बरे वाटले म्हणून ती एकदम बंद केली, तर उलट्या, कमालीचा थकवा, चक्कर येऊन रोगी कोसळू शकतो. मात्रा डॉक्टरांनी हळूहळूच कमी करायची असते. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी नव्या आणून ठेवाव्यात. रोग्याला उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. गोळी जेवणानंतर द्यावी. साखर व रक्तदाब तपासत राहावे.

बाजारात बिननावाच्या ‘वाताच्या पुड्या’ मिळतात. दोन दिवसांत जादू व्हावी तसा आराम पडतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. पुडी घेत असल्यास ती डॉक्टरांना दाखवावी. लपवू नये आणि एकदम बंदही करू नये.

ही औषधे पहारेकऱ्याला शांत करतात, म्हणून जंतूंना वाट मोकळी होते. रोग्याला १००.४ अंशांवर ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे. क्षयाच्या किंवा खोकल्याच्या रोग्याजवळ त्याला बसवू नये. कोणतीही लस देण्यापूर्वी चालू औषधे सांगावीत.

रोजची काळजी

सकाळी उठल्याबरोबर आखडलेले हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवावेत व बोटांची हळू उघडझाप करावी. सांधा लाल-गरम असेल तेव्हा त्याला विसावा द्यावा, चोळू नये. सूज उतरली की व्यायाम चुकवू नये. गुडघ्याखाली कायम उशी ठेवून निजू देऊ नये. बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहून जातो. घागर एका हाताच्या बोटांत न धरता दोन्ही हातांनी उचलावी किंवा लहान भांडे वापरावे. चमच्याच्या, झाऱ्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड करावी. शौचास बसण्यासाठी खुर्चीची सोय करावी.

ल्युपसच्या रोग्याला ऊन हेच वावडे. रोवणीच्या दिवसांत तिला भर दुपारी बांधीत उतरवू नये. लांब बाह्या, डोक्यावर पदर, छत्री यांची सवय ठेवावी.

आहारात भात बंद करण्याचे कारण नाही. धान पिकवणाऱ्या घरात रोग्याच्या ताटातला भात काढून घेणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. वरण, भाजी, अंडी, तलावातले मासे हे सारे चालते. वहीत एखाद्या पदार्थाने त्रास झाल्याचे वारंवार दिसले, तरच तो एक पदार्थ टाळावा.

सर्वांत अवघड शुश्रूषा

आमवाताची बाई सकाळी उठू शकत नाही आणि दुपारी बरी दिसते. घरच्यांना वाटते, ही कामाच्या वेळीच आजारी पडते. ल्युपसची तरुण मुलगी वरून धडधाकट दिसते, पण थकव्याने तिला चार पावले चालवत नाही. कुणी बाहेरचे म्हणतात, कुणी माहेरी पाठवून देतात. हे रोग संसर्गाने होत नाहीत, कुणाच्या पापाने होत नाहीत आणि आळसाने तर नाहीतच. एका ताटात जेवल्याने ते लागत नाहीत. योग्य औषधावर असलेल्या अनेक स्त्रिया संसार करतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना मुलेही होतात. नवऱ्याने दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला बरोबर जावे. निम्मा रोग औषधाने आटोक्यात येतो. उरलेला सोसण्याचे बळ घरातून मिळावे लागते.

थोडक्यात

वावड्याचे नाव केसपेपरवर लाल शाईत. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात. श्वास अडकला किंवा चक्कर आली तर आडवे निजवून थेट रुग्णालयात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. स्टिरॉइड एकदम बंद नाही. ताप आला तर त्याच दिवशी दाखवणे. या सहा ओळी एका कागदावर लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवाव्यात, म्हणजे रात्री-अपरात्री घरातील कोणालाही त्या वाचता येतील.